राहिलेले सभासद

आमच्या लूथरन मंडळीची सभासद-वही मी एकेचाळीस वर्षे लिहीत आले आहे आणि या एकेचाळीस वर्षांत तिच्यात एकही खाडाखोड झालेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायला माझ्याकडे इतर पुष्कळ गोष्टी आहेत. पुढे जे घडले ते या वहीवाचून समजणार नाही, म्हणून तिची ओळख आधी करून देते.

वही निळ्या पुठ्ठ्याची, लांबट आहे. ती मी दोन्ही बाजूंनी लिहिते. पुढून उघडली की पहिल्या पानावर मथळा आहे ‘उपस्थित सभासद’. उलटी करून मागून उघडली की तिथेही पहिलेच पान असल्यासारखा मथळा आहे ‘राहिलेले सभासद’. वर्षातल्या तीन मोठ्या प्रभुभोजनांना, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जो सलग आला नाही, त्याचे नाव पुढच्या यादीत थांबे आणि मागच्या यादीत जाई. पुढून मागे जाण्याची रीत ठरलेली होती. मागून पुढे येण्याची रीत वहीत नव्हती, कारण तशी वेळ कधी कोणी आणली नव्हती.

मागची यादी अठ्ठावन्न नावांपर्यंत गेली आणि पुढची सतरावर आली, हे मला दिसत नव्हते असे नाही. परंतु अक्षर सुबक असले की माणसाला वाटते सारे ठीक चालले आहे.

मग बिशपसाहेबांचे पत्र आले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते भेटीला येणार होते. त्या दिवशी प्रभुभोजन घेणारे तीसपेक्षा कमी भरले, तर आमची मंडळी पुलापलीकडच्या मोठ्या मंडळीत विलीन होणार होती आणि आमच्या देवळाला कुलूप लागणार होते. ज्या देवळात माझे लग्न झाले, जिथून माझे यजमान शेवटचे निघाले, त्याला.

पाळक नवीन होते. नवीन म्हणजे मंडळीला नवीन, वयाने पन्नाशीचे. पाळक होण्यापूर्वी त्यांनी बावीस वर्षे शाळेची बस चालवली होती आणि ते लपत नसे. उपदेश करताना मध्येच ते मान वर करून समोर बघत, जणू डोक्यावर आरसा टांगला आहे आणि मागच्या बाकांवर कोण मस्ती करते ते त्यात दिसणार आहे. शेवटच्या आशीर्वादाआधी ते ओठ हलवत डोकी मोजत. पहिल्या रविवारी मला वाटले, ते मनात प्रार्थना म्हणत आहेत.

ते आले त्याच आठवड्यात देवळाच्या मागच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि घोटा प्लास्टरमध्ये गेला. तीन आठवडे मी घरात अडकले. घरात मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच. ती देवळात ऑर्गन वाजवते आणि उरलेला वेळ मला बोलते. पाळकांनी फोन करून विचारले, “बाई, सभासदांची यादी कुठे मिळेल?”

“कपाटात, निळी वही,” मी सांगितले. “जशी काढाल तशी ठेवा.”

एवढेच सांगितले. कोणत्या बाजूने उघडायची ते सांगितले नाही. वही कोणत्या बाजूने उघडायची हेही सांगावे लागते, असे मला त्या वयापर्यंत वाटले नव्हते.

भेटीच्या रविवाराआधीच्या गुरुवारी सकाळी पाळक घरी आले. चेहरा उजळलेला. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “बाई, तुम्ही मला उगाच घाबरवून ठेवलं होतंत. सतरा कुठले? चांगले अठ्ठावन्न सभासद आहेत की!”

जाऊ विणकाम करत होती. तिच्या सुया थांबल्या.

“अठ्ठावन्न कुठे मोजलेत?” मी विचारले.

“वहीत. मथळाच आहे ना, ‘राहिलेले सभासद’. म्हटलं, इतके गेले, त्यातून हे अठ्ठावन्न राहिले. वाईट नाही. सगळ्यांना पत्रं टाकली सोमवारी. छापील नाही बरं का, हातानं लिहिली.”

“काय लिहिलेत?”

त्यांनी खिशातून मसुदा काढून वाचला. “‘आपण आमच्या मंडळीत राहिलेल्या सभासदांपैकी आहात. येत्या रविवारी प्रभुभोजनास आपली जागा राखून ठेवली आहे. आपण न आल्यास ती रिकामी दिसेल.’ खाली चिटणीस म्हणून तुमचं नाव. फोनवर तुम्ही म्हणालात ना, पत्रव्यवहार माझ्या नावाने करा?”

म्हटले होते. पण दुसऱ्या एका फोनवर, उपासनेच्या पत्रिका छापणाऱ्या छापखान्याच्या पत्रव्यवहाराबद्दल म्हटले होते.

जाऊ इतकी हसली की तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा दारापर्यंत गेला. “अहो पाळकसाहेब, ते राहिलेले म्हणजे उरलेले नव्हेत. ते राहून गेलेले. यायचे राहिलेले. जाऊबाईंनी ज्यांच्यावर फुली मारली ते!”

“मी फुली मारत नाही,” मी म्हणाले. “मी नाव हलवते.”

पाळक खुर्चीवर बसले. त्यांनी टोपी हातात फिरवली. मग हळूच म्हणाले, “त्यात तुमच्याच आडनावाच्या एक बाई होत्या. पत्ता इस्पितळाच्या परिचारिकांच्या वसाहतीतला. नात्यातल्या का?”

“मुलगी आहे त्यांची,” जाऊ म्हणाली आणि लोकर गोळा करायला वाकली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

इथे मला नऊ वर्षे मागे जावे लागेल.

आमच्याकडे नियम आहे. ज्याला रविवारी प्रभुभोजन घ्यायचे, त्याने शनिवारी चार ते सहा या वेळेत देवळात येऊन चिटणीसाकडे नाव द्यायचे. हा नियम माझा नव्हे, माझ्याही आधीचा. परंतु पाळला मी. रविवारी वेदीच्या कठड्यापाशी यादी घेऊन मी उभी राहते. त्या रविवारी माझी मुलगी रात्रपाळी संपवून सरळ देवळात आली. गणवेशावर साधा कोट घातलेला, डोळे लाल. त्या रात्री तिच्या वॉर्डात एक लहान मूल गेले होते. हे मला नंतर जावेने सांगितले. रांगेत ती माझ्यासमोर आली. मी यादी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुझे नाव राहिले आहे.”

ती वळली आणि मधल्या वाटेने दारापर्यंत चालत गेली. परिचारिकांच्या जोड्यांना रबरी तळ असतात. त्या चालण्याचा आवाज झाला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर ती देवळात आली नाही. घरीही आली नाही. दर बुधवारी तिचा फोन येई तो जावेला. फोन आला की मी खोलीतून उठून जात असे आणि जाऊ मुद्दाम मोठ्याने बोलत असे. वर्ष संपले तेव्हा नियमाप्रमाणे मी तिचे नाव मागच्या यादीत घेतले. सदतिसावे नाव. अक्षर नेहमीसारखेच सुबक आहे. हे मी आजही बघते आणि मला स्वतःचा राग येतो.

पाळक म्हणाले, “बाई, चूक माझी आहे. दुसरं पत्र पाठवतो सगळ्यांना. पण काय लिहू? तुम्ही राहिलेले आहात, पण तसले राहिलेले नाही?”

“तुम्ही बस चालवत होतात,” जाऊ म्हणाली. “तुम्हाला कळायला हवं होतं राहिलेलं मूल म्हणजे काय ते.”

“तेच तर,” ते म्हणाले. “बसमध्ये मी रोज ओरडायचो, कोणी राहिलं का? एखादं राहिलं असेल तर बस वळवून परत जायचो. उशीर झाला म्हणून आयांची बोलणी खाल्लीत. पण राहिलेल्या पोराला का घेऊन आलात, असं कोणी कधी विचारलं नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, डोक्यावरच्या आरशात पाहतात तसे नव्हे, सरळ. “तुम्हीच सांगा बाई. राहिलेले. याचा अर्थ काय?”

पहिले प्रभुभोजन घेण्याआधी मुलांचे दृढीकरण होते; त्या वर्गात त्यांना धर्मशिक्षण मी शिकवते. प्रत्येक ओळ पाठ म्हणून झाली की मी हाच प्रश्न विचारते: याचा अर्थ काय? तीन पिढ्या या प्रश्नाने घामाघूम केल्या आहेत मी. आजवर तो मला कोणी विचारला नव्हता.

मी म्हणाले, “दुसरे पत्र जाणार नाही. माझ्या नावाने गेलेले पत्र मागे घेणे म्हणजे खाडाखोड. ती मी करत नाही. परवा शनिवार आहे, नावे घ्यायला मला देवळात नेण्याची व्यवस्था करा.”

ते गेल्यावर जाऊ म्हणाली, “बरं झालं बाई, तुमचा अभिमान एकदाचा कुठेतरी उपयोगी पडला.”

शनिवारी चार वाजता मला देवळाच्या मागच्या खोलीत बसवण्यात आले. प्लास्टरचा पाय गीतपुस्तकांच्या खोक्यावर ठेवला. मी त्या दिवसाचे पान उघडले, तारीख घातली. सतरा जण आले, रोजचेच सतरा. दुसरे कोणी आले नाही. येणार कसे? शनिवारी नाव द्यायचे असते हे पाळकांनी पत्रात लिहिलेच नव्हते, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हते. म्हणजे उद्या अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जण दारात उभे राहिले, तरी नियमाप्रमाणे एकालाही प्रभुभोजन देता येणार नव्हते. त्यांच्यासमोर यादी घेऊन मी उभी राहणार आणि सगळ्यांना तेच वाक्य सांगणार.

सहाचे ठोके पडले. सहाला मी शेवटच्या नावाखाली पट्टीने रेघ मारते. रेघ मारली की शनिवार संपला. मी पट्टी हातात घेतली आणि परत ठेवली. मग सतराव्या नावाखाली अठरावे नाव लिहिले. कोणी येऊन न दिलेले नाव या वहीत त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले गेले. शाई वाळेपर्यंत मी थांबले आणि रेघ न मारता वही मिटली.

जाऊ शेजारी उभी होती. तिने सगळे पाहिले आणि ती एक अक्षर बोलली नाही. हे तिच्या स्वभावात बसत नाही, म्हणून नमूद करते.

रविवारी मी दाराशी खुर्ची टाकून बसले. बिशपसाहेब वेळेआधी आले आणि नम्रपणे मागच्या बाकावर बसले. मोजायला आलेला माणूस मागेच बसतो. मोजके सतरा येऊन आपापल्या जागी गेले. मी त्यांच्यामधली मोकळी बाके मोजत बसले.

आधी आला सुतार. बारा वर्षांपूर्वी गेलेला. वेदीचा कठडा त्याने केला होता आणि तो अर्धा इंच तिरका आहे असे मी भर सभेत म्हटले होते. तो आहेच तिरका. सुतार दारात थबकला आणि मला नीट न्याहाळून म्हणाला, “बाई, तुम्ही आहात अजून? तुमच्या नावचं पत्र आलं, मला वाटलं तुमच्या मृत्युपत्रासोबतचं असेल.”

“निराशा झाली का?”

“थोडी झाली. पण आता आलोच आहे तर बसतो.” जाता जाता त्याने मागे वळून विचारले, “कठडा आहे का अजून?”

“आहे. तिरका आहे.”

तो खुशीत आत गेला.

त्याच्यामागे शिंपीण आली. सोबत नवरा, दोन मुली, एक जावई. वेदीवरच्या वस्त्राला तिने चुकीच्या रंगाची झालर लावली होती आणि मी ती तिच्याकडूनच उसवून घेतली होती. ती माझ्या खुर्चीशी उभी राहिली आणि पर्समधून पाकीट काढून म्हणाली, “हे वाचून मी रडले, बाई. चौदा वर्षं झाली, मला वाटलं तुम्ही आमची नावंच काढून टाकलीत. आणि इथे तर लिहिलंय आम्ही राहिलेल्यांत आहोत.”

“वहीतून नाव कोणाचेच जात नाही,” मी म्हणाले. हे खरे होते. या गोष्टीत माझ्या वाट्याला आलेले पहिले खरे वाक्य.

मग लोक येतच राहिले. काहींचे केस गेले होते, काहींची पोरे वाढली होती. एकजण सांगायला आला होता की तो तेरा वर्षांपासून दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जातो, पण बाईंचे पत्र टाळण्याची छाती झाली नाही, तोही बसला. पोस्टातून परत आलेली पाकिटे सहा होती, चौघे जण वारले होते, काही शहर सोडून गेले होते, आणि काही सरळ आले नाहीत. तरी घंटा झाली तेव्हा बाकांवर बसलेले मी दोनदा मोजले. बेचाळीस.

ऑर्गनपाशी जायच्या आधी जाऊ माझ्या कानाशी वाकली. “यांची नावं नाहीत. शनिवार गेला, जाऊबाई.”

मागच्या बाकावर बिशपसाहेबांनी मान वर केली. त्यांना नियम ठाऊक होता; त्यांच्याही लहानपणी कोणीतरी यादी घेऊन उभे राहत असणार.

मी वही उघडून त्यांना दिसेल अशी धरली. “गेला कुठे? रेघ कुठे आहे? मी शनिवार अजून बंद केलेला नाही.”

जाऊ ऑर्गनकडे गेली ती पाठ थरथरवत. बिशपसाहेब खोकले. तो खोकला नव्हता. पहिले गीत चालू असताना मी बाकाबाकापाशी काठी टेकत गेले आणि पंचवीस नावे लिहून घेतली. सुताराने स्वतःच्या नावातले ऱ्हस्व-दीर्घ मला सांगितले, जणू मी विसरले होते.

देऊळ वाचले. ते तिथेच, दुसऱ्या गीताच्या आत ठरले. पाळकांनी वेदीवरून मान वर करून पाहिले आणि ओठ हलवत मोजले. तीसच्या पुढे गेल्यावर त्यांचे खांदे खाली आले. माझे आले नाहीत. पंचवीस नावे नवीन होती आणि अठरावी ओळ तिथेच होती, आणि दार बंद होते.

प्रभुभोजनाची रांग लागली. मी यादी घेऊन कठड्याशी उभी राहिले. निम्मी रांग झाली असेल. तेव्हा दार उघडले.

कोट तोच होता की दुसरा, मी सांगू शकत नाही. केसांत पांढरे आले होते. ती रांगेच्या शेवटी उभी राहिली, आणि रांग पुढे सरकत गेली, आणि रबरी तळांचा आवाज याही वेळी झाला नाही. माझ्यासमोर आल्यावर ती हळू म्हणाली, “आई, पत्र आलं. पण काल दुपारपाळी होती. शनिवारी नाव द्यायचं राहिलं.”

मी वही तिच्याकडे वळवली आणि अठराव्या ओळीवर बोट ठेवले.

तिने वाचले. तारीख वाचली. मग म्हणाली, “हे अक्षर तुझं आहे.”

“दुसऱ्या कोणाचे असणार? चल पुढे, रांग अडवू नकोस.”

ती पुढे गेली आणि कठड्याशी, जिथे तो अर्धा इंच तिरका आहे तिथे, गुडघे टेकून बसली. माझा जीव भांड्यात पडला. पडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण बिशपसाहेब रुमाल शोधू लागले.

उपासनेनंतर मागच्या खोलीत चहा होता. कप कमी पडले. आमच्याकडे कप कमी पडल्याचे मला आठवत नाही. पाळक प्रत्येकाला विचारत होते, कुठे राहता, घरून निघायला किती वाजता जमेल, वाटेत कोणाला घेता येईल का. वहीच्या मागच्या बाजूच्या उरलेल्या नावांसाठी त्यांनी तिथल्या तिथे रस्ते आखले, बसचे आखावेत तसे. पुढच्या रविवारी बेचाळीस येणार नाहीत हे मला ठाऊक होते. तीस आले तरी पुरे. आणि आले, तेही सांगून टाकते. तेव्हापासून तीसच्या खाली आम्ही उतरलो नाही.

बिशपसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. “बाई, आमच्याकडे मंडळ्या दरवर्षी आटत चालल्या आहेत. तुम्ही कोणता उपक्रम राबवलात? मला लिहून घ्यायचंय.”

“उपक्रम नाही. पत्रे पाठवली.”

“कोणाला?”

“राहिलेल्यांना.”

त्यांची लेखणी थांबली. “राहिलेल्यांना, म्हणजे? याचा अर्थ काय?”

पाळक कप घेऊन जाता जाता थांबले. जाऊही थांबली. उत्तर पाठ नव्हते, आणि पाठ नसलेले उत्तर मी कधी कोणाकडून खपवून घेतलेले नाही. मी म्हणाले, “ज्यांना आणायला कोणी परत गेले नव्हते, ते. पाळकांना विचारा, ते सविस्तर सांगतील. त्यांनी बस चालवली आहे.”

माझी मुलगी मोरीपाशी प्रभुभोजनाचे छोटे पेले धुवत होती. इस्पितळात काहीही धुताना धुतात तसे, एकेक, उजेडात धरून. शेवटचा पेला पालथा घालून ती हात पुसत माझ्या खुर्चीशी आली आणि प्लास्टरवरून बोट फिरवून म्हणाली, “हे कोणी घातलंय? घट्ट झालंय. बोटं सुजलीत तुझी.”

“ठीक आहेत.”

“ठीक नाहीत. घरी गेल्यावर पाय उंच ठेवायचा. काकू तुला ठेवू देत नसेल.”

“मी?” जाऊ ओरडली. “अगं, या मला विचारतात तरी का?”

“मग मी बघते,” मुलगी म्हणाली. तिने माझी काठी उचलली, वही काखेत मारली, आणि माझ्याकडे न बघता विचारले, “उद्या दुपारपर्यंत मला सुट्टी आहे. राहू?”

मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि उठले.

“राहा,” मी म्हणाले.